आधी सूप भरा

माझं माहेर तुडीलचं, सावित्रीच्या काठचं, आणि मला दिली इकडे उमरठच्या वरच्या वाडीवर, म्हणजे नदीतला मासा उचलून डोंगरावर ठेवला असं समज. तिकडे भात खाऊन वाढले, इकडे आले तर नाचणी नि वरी. नवरा मुंबईला गोदीत, शिमग्याला यायचा, एक लुगडं नि सुके बोंबील घेऊन यायचा, पालखी नाचवायचा नि परत जायचा. त्याच्याबद्दल वाईट नाय बोलणार मी, त्याचं त्यालाच पुरत नव्हतं. पण घरात दोन पोरी, एक सासू, नि शेत म्हणजे उतारावरची वरकस जमीन. मग खायचं काय? सासू सुईण होती, तिच्या हाताखाली मी शिकले, नि तिचे हात थरथरायला लागले तसे लोक मला बोलवायला लागले.

आता तू लिहायला बसलायस तर नीट लिही. पगार नाय, कुठे नाव नाय, सही नाय, अंगठा नाय. बाई अडली की कोण तरी धावत यायचं, मी हातातलं टाकून निघायची. पोर काढायचं, नाळ कळकाच्या धारदार चिवटीने, म्हणजे बांबूच्या कामटीने, कापायची, मग बारशापर्यंत रोज जाऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा, रक्ताचे कपडे धुवायचे. आणि याचं मोल काय, तर बारशाच्या दिवशी ओटीवर सूप ठेवायचे. ज्याच्या घरी भात त्याने तांदूळ, ज्याच्या घरी नाचणी त्याने नाचणी. वाडीवर तर एखादी म्हणायची, काकी, कणगीत काय नाय गो, लावणीला एक दिवस तुझ्या शेतात येते. येऊ दे. ती माझ्या चिखलात उभी राहायची, मी तिच्या बाजेपाशी. असंच चालायचं, मीठ द्या, सुपारी द्या, लाकडाचा भारा द्या.

पण एक रीत होती, ती मला अजून घशात काट्यासारखी लागते. पोरगा झाला तर भरलेलं सूप, वर नारळ, वर खण. पोरगी झाली तर अर्धं सूप. नारळ नाय. काय सांगू तुला, कळा त्याच, रक्त तेच, माझी कंबर तशीच मोडायची, पोरगी निघायला काय निम्मा वेळ लागतो का? पण सगळे म्हणायचे रीत हाय. माझ्या दोन्ही पोरी माझ्या सासूनेच सोडवल्या. आता आपल्याच घरात कुणी कुणाला सूप भरायचं, पण तिने कणगीतून सूप भरून काढलं नि माझ्यासमोर अर्धं परत ओतलं. मी बाजेवरून बघितलं. सासू वाईट नव्हती. त्याचाच राग येतो, वाईट नसलेली माणसं असं करतात त्याचा.

आता तुझ्या घरची गोष्ट तुलाच सांगते, ऐकायला आलायस तर ऐक. तुझ्या आयचं पहिलं बाळंतपण. खाली तुमचं मोठं घर, पडवीत भाताच्या कणग्या, गोठ्यात बैलजोड्या, तुझी आजी म्हणजे तिच्या पुढे माणसं चपला हातात घेऊन जायची. नवरात्राचे दिवस, भात पिवळं पडायला आलेलं. मी गेले तर पोर पायाळू, पाय आधी. तुझी आय एवढीशी, अंगात जीव नाय. सकाळी बसले ती ऊन कलेपर्यंत उठले नाय. एक पाय, मग दुसरा पाय, मग खांदे अडकले, मी देवाचं नाव घेतलं नि हात घातला, कसं फिरवलं ते माझ्या हातालाच माहीत. पोर निळी पडलेली, पाठीवर चापट्या मारून मारून रडवली. दोघी वाचल्या. ती तुझी थोरली बहीण. माहेरी आली की अजून मला भेटून जाते.

बारशाच्या दिवशी तुझ्या आजीने सूप आणलं. अर्धं. आणि ते पण कणी. घरच्या कोंबड्यांना टाकतात ती कणी. मी सूप हातात घेतलं नि तिथेच ओटीवर खाली ठेवलं. बायका पाळण्याभोवती, गाणी चाललेली. मी म्हटलं, मी काय अर्धी पोर काढून दिली का? डोकं हाय, हात हायत, पाय तर सगळ्यात आधी दाखवलेत तिने. तुझी आजी म्हणाली, फार माजलीस गो. मी म्हटलं, माजायला कणी पुरत नाय वयनी, तांदूळ लागतात. आणि रिकाम्या हाताने डोंगर चढले. घरात पोरींची तोंडं बघितली नि चुलीवर नाचणीची पेज ठेवली.

मग काय, खालच्या घरांनी मला बोलवणं सोडलं. तुझ्या आजीने घरोघर सांगितलं, त्या बाईची नजर वाईट हाय. नदीपलीकडची एक सुईण यायला लागली, ती बिचारी काय मिळेल ते घेऊन जायची. तांदूळ मिळायचे ते खालच्याच घरांतून, ते गेले. त्या वर्षी आम्ही रानातले करांदे खणून उकडून खाल्ले, धाकटीचं पोट सुटलं, सासू रोज बोलायची, अर्धं तर अर्धं, तुझं काय जात होतं? माझ्याकडे नुसता राग होता, राग काय चुलीवर शिजतो?

वाडीवर मात्र मी सांगून टाकलं, मूठभर द्या, पण पोरगा-पोरगीला एकच मूठ. लोक हसले. एक जण म्हणाला, म्हणजे काकी, आता पोरीला पोरगा म्हणायचं का? मी म्हटलं, काय पण म्हण रे, तुझी बायको निंदणीला जाते ती अर्धंच शेत निंदून येते का? त्याची बायको मागे उभी होती, ती पदर तोंडाला लावून हसली. त्याच घरातनं पुढे पोरगी झाली तेव्हा सूप भरून आलं, तिनेच भरलं, त्याला न विचारता.

मग तुझ्या आयचं दुसरं. श्रावण, नदी फुगलेली, पलीकडची सुईण येऊ शकत नाय, डोलीतून पोलादपूरला न्यायचं तर रस्ता पाण्याखाली. भर दुपारी तुमचा गडी भिजत वर आला, म्हणाला, काकी चल, धाकटी वयनी अडलीय. सासू म्हणाली, जा गो, झालं गेलं विसर. मी उठले, खुंटीवरचं रिकामं सूप काढलं, काखेत मारलं नि निघाले.

तुमच्या दारात गेले नि उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिले. आतून तुझ्या आयचं कण्हणं येतंय. आजी म्हणाली, आत ये, वेळ कसला काढतेस. मी सूप पुढे केलं. आधी सूप भरा. ती म्हणाली, अगो पण अजून पोर कुठे झालंय, काय होतंय ते तर बघू. मी म्हटलं, म्हणूनच. पोर पोटात हाय तोवर भरा. आता ते पोरगा पण नाय नि पोरगी पण नाय, माझी मेहनत तेवढी हाय. तिचं मोल ठरवा.

आजी मला शिव्या देत होती, बाई आत मरतेय नि हिला तांदूळ सुचतायत. खरं हाय, एक बाई कण्हत होती नि मी दारात उभी होते. त्याचा मला राग येतो, अजून येतो, पण माझा नाय. मला तिथे उभी कुणी केली? शेवटी पडवीतून तुझे आजोबा म्हणाले, भर तिला. आजीने भरलं, वरून हात फिरवून सपाट केलं. मी म्हटलं, शीग लावा. तिने शीग लावली. तांदूळ होते, कणी नाय. मी गड्याच्या डोक्यावर सूप दिलं, वर घोंगडं टाकलं, म्हटलं माझ्या घरी पोचव, मगच उंबरा ओलांडला.

पोरगीच झाली. आजी वाशांकडे बघत बसली. म्हणाली, तुला आधीच माहीत होतं. मी म्हटलं, माहीत असतं तर तुम्हाला नसतं सांगितलं. तुझी आय मात्र, मी तेल लावायला बसले तेव्हा हळूच बोलली, काकी, तू दारात भांडत होतीस ना, मला बरं वाटत होतं. या घरात माझ्या पोरीसाठी कुणीतरी भांडतंय.

तिसरा तू. तेव्हा आजीने न बोलता आधी सूप भरलं. आणि तू झाल्यावर दुसरं भरलं, नारळ, खण, वर गूळ. मी परत पाठवलं. सांगितलं, मोल एकदाच होतं. माझ्या पोरींनी तो गूळ बघितला होता, त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाय. पण नाय म्हणजे नाय. पुढे वाडीवर, मग खाली पण, हळूहळू सगळे कळा सुरू झाल्या की आधी सूप भरायला लागले. कुणी सांगितलं नाय, कुणी ठराव केला नाय. सुनाच भरायच्या. पोट धरून कणगीपाशी जायच्या नि आपलं सूप आपण भरायच्या.

आता काय, दवाखाने झाले, गाडी दारात येते, नातू महाडच्या कारखान्यांच्या वसाहतीत पाळीला जातो, सूप भिंतीला टांगलंय, त्यात मुंग्या होतात. मला त्याचं काय नाय. पोरी दवाखान्यात वाचतात, चांगलं हाय. पण मी उंबऱ्यावर उभी राहून जे भांडले ते का जमलं? पोटात काय हाय ते कुणालाच कळत नव्हतं म्हणून जमलं. आता लांबच्या शहरात जातात, पैसे देतात, आत काय हाय ते बघून घेतात. अर्धं सूप वाचवायचं सोड, आता पोरीला दारापर्यंत पण येऊ देत नाय. आता मी कुठल्या उंबऱ्यावर उभी राहू, सांग.

तुला एकच पोरगा. त्याच्या आधी तुझ्या बायकोला घेऊन तू शहरात गेला होतास, दोनदा, मला वाडीवर कळलं होतं. मी विचारत नाय. मान खाली घालू नको, लिही.

तुझ्या सुनेला दिवस गेलेत म्हणतात. बरं हाय. ते भिंतीवरचं सूप काढ, मुंग्या झाड, नि घेऊन जा घरी. आजच भर. शीग लावून भर. सुनेची सुटका सुखरूप होऊ दे, जे होईल ते होऊ दे, माझा आशीर्वाद हाय. पण सूप आज भर.