आठच्या वर नको

तनवीर : ...तेच सांगतोय ना बेटा, मी काही तोडफोड केलेली नाही. स्क्रीनवर नुसती लाल पट्टी येते, ‘परवानगी नाही’. आणि इकडे इन्सुलिनच्या रूमचा तापमानाचा काटा सात डिग्रीवर आलाय.

क्षितिजा : दुसरं कूलिंग मशीन?

तनवीर : पहिलं बसलं, दुसरं उठत नाही. ते हाताने चालू होतच नाही, माहीत आहे ना तुला? प्रोग्रामने हुकूम दिला तरच. आठच्या वर गेलं तर सगळा माल फेकायचा, क्षितिजा. सगळा!

क्षितिजा : मी बसमध्ये आहे, तुमचा आवाज तुटतोय. आक्का, ऊठ. आंबाडीला उतरायचंय.

आक्का : आंबाडीला? अगं, देवी वज्रेश्वरीला हाय! कुंडात पाय बुडवायचे म्हणून तर निघालो ना घरातनं?

क्षितिजा : गोदामात घोळ झालाय. इथे रेंज आहे, पुढे मिळायची नाही. पिशवी घे.

तनवीर : आईला घेऊन कशाला उतरतेस भररस्त्यात? मास्टर पासवर्ड सांग, मी टाकतो. एका मिनिटाचं काम.

क्षितिजा : तो नाही सांगता येणार, तनवीरभाई.

तनवीर : का?

क्षितिजा : त्याने आपल्या सगळ्या गोदामांचे दरवाजे, कॅमेरे, सगळं उघडतं.

तनवीर : म्हणजे मी चोर? तुझ्या बापाबरोबर लूमवर रात्रपाळ्या काढल्यात मी. तुला खांद्यावर फिरवलंय.

क्षितिजा : चोर कुठे म्हटलं मी? बरं, गोदामाच्या शटरची जादा चावी कुठे असते तुमची?

तनवीर : रहमतुल्लाच्या टपरीवर. कायमच. हमाल लवकर आले तर उन्हात उभे राहतील का? तो माणूस माझ्याकडून कधी चहाचे पैसे घेत नाही, तो काय चावी विकणार आहे?

क्षितिजा : रहमतुल्लाचाचा नाही विकणार. पण त्या टपरीवर दिवसभर कोण कोण बसून जातं, ते माहीत आहे तुम्हाला? उद्या पासवर्डही तसाच तिथे जाऊन बसेल.

तनवीर : भाषण नंतर दे. काटा सरकला.

क्षितिजा : आज काय बदललं ते सांगा. खरं खरं.

तनवीर : काही नाही गं... मशीनच्या कंपनीवाल्याने त्या प्रोग्रामची नवीन फाईल पाठवली. म्हणाला, जुनी सारखी अडकते. मी जुनी काढली, तिच्या जागी नवीन ठेवली. नाव तेच हां, अक्षराचा फरक नाही! लूमचा पार्ट बदलतो तसंच.

क्षितिजा : अरे देवा! तिथेच झालं. मशीनला हुकूम जातो नेटवर्कच्या कार्डातून, आणि साध्या प्रोग्रामला त्या कार्डाला थेट हात लावता येत नाही, कॉम्प्युटर लावूच देत नाही. त्या जुन्या फाईलला मी तेवढी एक परवानगी दिली होती. ती फाईलला चिकटलेली असते, नावाला नाही. जुनी गेली, परवानगीही गेली.

तनवीर : मग नवीनला दे ना! वाट कसली बघतेस?

क्षितिजा : आधी बघू दे, ही कंपनीचीच आहे का. डोळे मिटून दिली आणि भलतीच निघाली तर? मोबाईलवरून तिथल्या कॉम्प्युटरमध्ये शिरतेय.

तनवीर : या अल्लाह! तू तपासत बस, इकडे औषधं नासू देत. काटा आठला टेकायला आलाय!

आक्का : कसली औषधं गं?

क्षितिजा : शुगरची इंजेक्शनं, आक्का. बोलू नको जरा.

आक्का : माझी सुई? ती तिथनं येते? मग कर की लवकर! माझ्या तोंडाकडं काय बघतेस?

क्षितिजा : फाईल बरोबर आहे... हिला फक्त नेटवर्कची परवानगी, बाकी कशाचीच नाही... दिली. तनवीरभाई, प्रोग्राम बंद करून परत उघडा.

तनवीर : उघडतोय. गोल फिरतंय... फिरतंय अजून... लाल पट्टी नाही आली!

क्षितिजा : मशीन?

तनवीर : थांब. ऐकू दे. हां... हां, उठलं! उठलं गं बाई मशीन!

क्षितिजा : काटा सांगा ना!

तनवीर : आठच्या आत आहे. थांबलाय.

क्षितिजा : हुश्श! मी इथे दगडावरच बसले. तनवीरभाई, ती चावी...

तनवीर : कळलं. आणतो.

(आंबाडी नाक्यावर माय-लेकी पुढच्या बसची वाट बघतायत. फोन पुन्हा वाजतो.)

तनवीर : काटा सहावर उतरला. आणि चावी माझ्या खिशात आहे.

क्षितिजा : काही म्हणाले रहमतुल्लाचाचा?

तनवीर : काय म्हणणार? गल्ल्यातून काढली, फडक्याने पुसून हातात दिली. चहाही पाजला.

क्षितिजा : मग बरं झालं.

तनवीर : हां... पण आज पैसे घेतले गं त्याने चहाचे.