हिर्डोशीच्या तुकड्याचा सांधा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, भोर-वेल्हे छोटी रेल्वे मंडळाचे संस्थापक आणि आजचे सत्कारमूर्ती श्री. केशवराव, मंडळाचे चिटणीस विराज, आणि जेवण एक वाजता आहे असं पत्रिकेत छापल्यामुळे आवर्जून उपस्थित राहिलेल्या बंधुभगिनींनो,

‘वहिनींनीही दोन शब्द बोलावेत,’ असं सूत्रसंचालन करणाऱ्या शुभ्राने आत्ता माइकवरून सांगितलं. सत्कारमूर्तींच्या बायकोने काय बोलायचं असतं ते मला ठाऊक आहे. यांचं घराकडे लक्ष नसायचं, पण मी त्यांच्या छंदाला साथ दिली, असं म्हणून डोळ्यांना पदर लावायचा. मग तुम्ही टाळ्या वाजवता. आज तेवढं मला जमणार नाही.

मंडळाने केशवरावांना जीवनगौरव दिला याचा आनंद कोणाला होणार नाही? मंडळ त्यांनीच काढलं, निवड समिती त्यांनीच नेमली आणि मानपत्र परवा आमच्याच जेवणाच्या टेबलावर लिहिलं गेलं. ‘द्रष्टे’ लिहू की ‘युगप्रवर्तक’, असं मला विचारलं होतं. मी म्हटलं, दोन्ही लिहा, कागद मोठा आहे. दोन्ही लिहिलेत, तुम्ही आत्ता ऐकलंच.

अध्यक्ष महोदय आपल्या भाषणात दोनदा ‘खेळणी’ म्हणाले. त्यांना सव्वा तास उशीर झाला, त्यामुळे मागे मांडलेलं काही बघायचं राहून गेलं. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या तालुक्यांत रेल्वे नाही. आपल्याला आगगाडी बघायची तर पुण्याला जावं लागतं. म्हणून या मंडळींनी लाकडी चौकटींवर चार-चार फुटांचे नऊ तुकडे बांधले. कुणी भाटघरचं धरण केलं, कुणी राजगडाचा पायथा, कुणी उत्रोलीची भातखाचरं. प्रत्येक तुकड्यावर रूळ. कडेला ते रूळ एकाच उंचीवर, एकाच जागी यायला हवेत, म्हणजे कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला जोडता येतो आणि हातभर लांबीची गाडी सगळा मुलूख फिरून येते. सगळी गंमत त्या सांध्यात आहे. सांध्यात एका केसाचा फरक पडला तरी इंजिन उतरतं.

हे नऊच्या नऊ सांधे ज्यांनी जुळवले ते दादूभाऊ तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेत. एसटीच्या डेपोत त्यांनी गाड्यांचं सुतारकाम केलं. आठ सभासदांनी आपापले तुकडे बांधले असं मानपत्रात म्हटलंय. सभासदांनी त्यावर झाडं चिकटवली. रंधा, काटकोन बघायचा गुण्या आणि कानस चालवली ती दादूभाऊंनी. नववा तुकडा त्यांचा स्वतःचा, त्यांच्या गावाचा, हिर्डोशीचा. डोंगरउतारावरची नाचणी, घाटाचं वळण, आणि जिथे एसटीसुद्धा दिवसातून मोजक्या वेळा जाते तिथे एक ठेंगणं रेल्वे स्टेशन. फलाटावर गाठोडं घेऊन बसलेली नखाएवढी बाई. ती साळूबाई आहे, त्यांची बायको. त्याही इथे आल्यात.

आज त्याच दादूभाऊंना वयोमानानुसार निरोप देण्याचाही कार्यक्रम आहे. पत्रिकेत सगळ्यात खाली, आभारप्रदर्शनाच्या आधी, बारीक टायपात आहे. चष्मा लावला तर दिसतो.

विराज, खुणा करू नकोस. दोन शब्द म्हणालात तेव्हा तुम्ही मोजणार आहात असं वाटलं नव्हतं.

डिसेंबरात पुण्याला प्रदर्शन होतं. तुकडे न्यायचे कसे, तेही दादूभाऊंनीच ठरवलं. दोन तुकडे समोरासमोर, मध्ये फूटभर अंतर ठेवून, दोन्ही टोकांना फळ्या ठोकायच्या. पेटीच तयार होते. खाली एसटीच्या जुन्या सीटांचा फोम. मी तीस वर्षं पोस्टात काढली, पार्सलं कशी बांधावीत ते मला कळतं. अशी बांधणी मी पाहिली नव्हती. आठ तुकड्यांच्या चार जोड्या टेम्पोत चढल्या. हिर्डोशीला जोडी उरली नाही. तो एकटाच टेबलावर होता, वर झाकण बसवायचं राहिलं होतं.

तेवढ्यात आमच्या द्रष्ट्यांना नारळ फोडायचं आठवलं. ताट घेऊन मी शेजारीच उभी होते. टेम्पोवाला गेनू म्हणाला, ‘साहेब, चाकापुढं फोडा, तितंच फोडत्यात.’ पण चाकापुढे खाली वाकावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाचा फोटो चांगला येत नाही. म्हणून नारळ हिर्डोशीच्या कडेच्या पट्टीवर फोडायचा ठरला. पहिल्या घावाला फुटला नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसरा घाव निसटला आणि रुळाच्या टोकावर बसला. मी वाकून बघितलं तर टोक खाली दबलेलं. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, ‘शुभकामात अपशकुनी बोलू नकोस.’ नारळ शेवटी चाकापुढेच फुटला. दादूभाऊ टेम्पोच्या पलीकडच्या अंगाला दोर आवळत होते. ते येईपर्यंत केशवरावांनी झाकण स्वतःच्या हाताने बसवलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतःहून झाकण लावल्याचं माझ्या पाहण्यातलं हे एकच.

पुण्याला तुकडे जोडून झाल्यावर दादूभाऊ नेहमीप्रमाणे एक रिकामा डबा बोटाने प्रत्येक सांध्यावरून ढकलून बघणार होते. केशवराव म्हणाले, ‘चाचणी-बिचणी नको, पाहुणे आलेत.’ विराजचं परदेशी इंजिन निघालं, धरण ओलांडलं, राजगडाला वळसा घातला आणि हिर्डोशीच्या सांध्यावर उतरून थेट फरशीवर गेलं. शंभर माणसं बघत होती. तेव्हा केशवरावांनी माइक हातात घेऊन काय सांगितलं? ‘बांधणीत हयगय झाली, आमच्या कारागिराचं आता वय झालंय.’ तुमच्यातले बरेच जण तिथे होते. तुम्ही माना डोलावल्यात. नऊ सांधे जुळवलेल्या माणसाचं काय चुकलं, एवढंसुद्धा एकाने विचारलं नाही. तुमची मला कीव येत नाही, किळस येते. हे सभ्य भाषेत कसं म्हणतात ते मानपत्र लिहिणाऱ्यांना विचारा.

दादूभाऊ त्या गर्दीत फरशीवर बसून रुळाचं टोक चाचपत होते. मला म्हणाले, ‘वैनी, म्या गुण्या लावून बगितलं व्हतं. ह्ये कसं वाकलं?’ मी काय म्हणाले, दादूभाऊ? तुम्हाला आठवत असेल. मी म्हणाले, ‘प्रवासात झालं असेल.’

कुठलं पार्सल वाटेत फुटतं आणि कुठलं निघण्याआधीच फुटलेलं असतं, हे ओळखण्यात माझी नोकरी गेली. आणि मी ‘प्रवासात’ म्हणाले.

त्यावर तीन महिने गेले. हिर्डोशीचा तुकडा मागच्या खोलीत उभा करून ठेवलाय, वर चादर टाकून. मीही गप्प होते. मग गेल्या मंगळवारी बाजारात साळूबाई भेटल्या. म्हणाल्या, ‘ह्यांनी हत्यारं वाटून टाकली, वैनी. म्हणत्यात, हात गेला माजा. नातीनं बसायला पाट मागितला, तर म्हनले इकत आन.’ त्या रडल्या नाहीत. भेंडी निवडत होत्या, ती निवडत राहिल्या.

केशवराव, बसा. तुम्ही उठलात तर लोकांना वाटेल तुम्हाला उत्तर द्यायचंय, आणि तुमच्याकडे ते नाही. ती शाल नीट घ्या, खांद्यावरून घसरतेय.

दादूभाऊंना निरोपाचा नारळ माझ्या हस्ते द्यायचा असं ठरलंय. मी तो देणार नाही. ज्या माणसाचं काही चुकलं नाही त्याला निरोप कसला? ज्यांना निरोप द्यायला हवा ते हार घालून बसलेत.

इतका वेळ ऐकून घेतलंत, सर्वांची आभारी आहे. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर त्याची क्षमा मी सभागृहाकडे मागणार नाही. ती एकाच माणसाकडे मागायची आहे. दादूभाऊ, तुमचा हात गेलेला नाही. त्या दिवशीही गेला नव्हता, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं. नवऱ्याचं हसं होऊ नये म्हणून मी तुम्हाला तुमच्याच हाताविषयी खोटं सांगितलं. मला माफ करा.