रानलसणाची पिशवी

नाही हो बाई, विकत घ्यायला नाही आले — विकायलाही नाही, तुमच्या शेजारी दुकान मांडायचं नाहीये मला — फक्त एवढंच सांगा, या पिशवीतली पानं रानलसणाचीच आहेत ना? तुमच्या पुढ्यात जुड्या आहेत ना, तशीच. सगळी तशीच. वास घेऊन बघा की. येतोय ना? येतोच! काल दुपारी खुडलीत, रोझ्निकच्या टेकडीमागे, ओढ्याच्या कडेला, म्हणून जरा मलूल पडलीत, बाकी काही नाही. तुम्ही नुसतं "हो" म्हणा की मी निघाले. नऊला माझा वर्ग असतो — नाही, घाई नाही. बघा तुम्ही. चष्मा लावून बघा. घाम? सुटलाय, हो. वसतिगृहापासून पळत आलेय ना.

काल कसा दिवस होता, तुम्हीच सांगा! तीन वर्षं झाली मला या ल्युब्लियानात — मी ग्रीसची, अर्गिरो माझं नाव, आर्किटेक्चर शिकते — पण इथला हिवाळा काही अंगवळणी पडला नाही. नोव्हेंबरात धुकं येतं ते वसंतापर्यंत ठाणच मांडून बसतं, आम्ही आपले दिवे लावून दुपारचं जेवायचं. आणि काल एकदम ऊन! तिवोली बागेच्या हिरवळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पोरंपोरी बूट काढून आडवी, कुणी तोंडावर पुस्तक घेऊन घोरतंय, आमचे एरवी कधी न हसणारे प्राध्यापक बाह्या दुमडून आइस्क्रीम चाटताहेत. आम्ही तिघं वर टेकडीवर गेलो. मी, माझ्या खोलीतली दोविले — ती लिथुआनियाची — आणि वर्गातला दुआर्ते, पोर्तुगालचा. दोविले तर वेडीच झाली होती. मोजे काढून ओढ्यात उभी राहिली, आणि पाणी इतकं गार की तिथूनच किंचाळत, "अर्गिरो, ये ना, मेलीस तरी चालेल पण ये!" — तसं बोलायची सवयच आहे तिला. चांगली आहे हो ती. पहिल्या हिवाळ्यात मला ताप आला तेव्हा बिटाचं सार करून चमच्याने भरवलं होतं मला. कोण करतं असं? ओळख जेमतेम महिन्याची तेव्हा.

ते बाजूला का ठेवलंत? ते पान. — नाही, असू दे, बघा तुम्ही.

तर तिथे सगळा उतार हिरवागार, आणि वास असा की भूकच लागावी. दुआर्ते म्हणाला, हे कसलं गवत? मी म्हटलं, गवत काय म्हणतोस, रानलसूण आहे, आमच्याकडे डोंगरात पोरं पाळण्यात असल्यापासून पाला ओळखतात. झालं! तो मागेच लागला. "बघा बघा, बाईसाहेब पाळण्यातून उतरल्या त्या थेट पाल्यातच!" मग मी पण इरेला पेटले. म्हटलं, पिशवी आणा, आजचं जेवण माझ्याकडे. ब्रेड होता, चीज होतं, अक्रोड होते, दोविलेकडे चाकू होता. मी पानं बारीक चिरली, मीठ लावलं, तेल घातलं, अक्रोड ठेचून टाकले, ब्रेडच्या तुकड्यांवर फासलं. दुआर्तेला कच्चा लसूण सोसत नाही, तो म्हणाला मी चीजच खातो, आणि दोविलेला म्हणाला, "तू खा, पण आधी मृत्युपत्र लिहून ठेव." आम्ही किती हसलो! आम्ही —

तीन झाली. ती तीन पानं तुम्ही वेगळी का काढताय, बाई? त्यांनाही वास येतोय की. — पिशवीत एकत्र होती म्हणून? हो, म्हणजे, लागणारच एकाचा वास दुसऱ्याला. माझ्या बोटांनाही येत होता. चोळून बघितलं ना मी, तिथेच, ओढ्याकाठी, पण बोटंच सगळी लसणाची झालेली, कळणार कसं? देठ? हो, देठाचं माहितीये मला. म्हणजे आज माहितीये. आज सकाळी वाचलं फोनवर. रानलसणाचं प्रत्येक पान आपल्या स्वतंत्र देठावर येतं, आणि त्या दुसऱ्या, विषारी झाडाची दोन-तीन पानं एकातून एक, बिनदेठाची, जमिनीतून सरळ वर. शरदात जांभळं फूल येतं ना ज्याला, त्याची. पोदलेसेक म्हणता तुम्ही. नाव घेतलं की तोंड का असं केलंत?

खाल्लं का? हो, म्हणजे, खाल्लं ना. काल दोनच्या सुमाराला. दोविलेने. तिने दोन तुकडे खाल्ले, नाही, तीन — शेवटचा तर बोट चाटून. संध्याकाळी छान होती. रात्री झोपली. पहाटे पाचला उठून न्हाणीघरात गेली ती अजून... ओकतेय. पोटात पिळवटतंय म्हणते. मला म्हणाली, ऊन बाधलं, वाइन पण घेतली ना उन्हात बसून. मी म्हटलं, हो हो, वाइनच असेल. पाणी दिलं तिला. टॉवेल भिजवून कपाळावर ठेवला. मग पिशवी उचलली आणि म्हटलं, दुकानातून लिंबू घेऊन येते. आणि इकडे आले. तुमच्याकडे. बाजारात सगळे म्हणतात, त्या कोपऱ्यातल्या बाई चाळीस वर्षं पाला विकताहेत, त्यांना विचारा. म्हटलं, तुम्ही एकदा "हो" म्हणालात की मी लिंबू घेऊन परत.

माझं काय विचारताय? मी ठीक आहे. मला काही होत नाहीये. का म्हणजे — असतं कुणाकुणाचं पोट घट्ट. मी पण घेतला होता ना तुकडा. हातात घेतला होता. बाई, असं बघू नका माझ्याकडे. — नाही खाल्ला. नाही खाल्ला मी. झुडपात टाकला, दोघं ओढ्याकडे बघत होती तेव्हा. पण ते काही ठरवून नव्हे हो, आईशप्पथ! चिरताना दोविलेनेच एक पान उचललं होतं. म्हणाली, "अर्गिरो, हे जरा वेगळं नाही वाटत? याला देठच नाही." आणि दुआर्ते हसत माझ्याकडे बघत होता, की आता ही काय म्हणते — आणि मी काय म्हटलं माहितीये? "तुमच्या लिथुआनियात बटाट्याशिवाय काही उगवतं का? मला शिकवू नकोस." असं म्हटलं. तिने गुपचूप पान खाली ठेवलं आणि मी चिरलं. ते चिरलं आणि मग मलाच तुकडा तोंडात घालवेना. खात्री नव्हती हो, नुसती मनात एक पाल चुकचुकली. नुसत्या पालीवरून सगळ्यांसमोर सगळं फेकून द्यायचं? म्हणायचं, मला येत नाही म्हणून?

आणि मला येतच नाही, बाई. कसला डोंगर अन् कसलं गाव! लारिसा शहरात चौथ्या मजल्यावर वाढले मी, खाली वडलांचं टायरचं दुकान. आत्याच्या गावी ऑगस्टमध्ये आठ दिवस जायचो, तेव्हा सगळं करपलेलं असतं, गवताची काडी नसते. पण इथे पहिल्या वर्षी सगळे आपापलं सांगत होते, कुणाकडे बोट, कुणाकडे घोडे, दोविलेकडे तळं आणि लाकडी घर... मी काय टायर सांगू? मी डोंगर सांगितला. पाला सांगितला. सगळ्यांना इतकं आवडलं की मग तोच चालत आला. दोविले तर घरी आईला फोनवर सांगते, माझ्या खोलीत अशी मुलगी आहे जिला जंगल वाचता येतं. म्हणून खाल्लं तिने. वेगळं दिसत होतं तरी खाल्लं.

किती झाली? नऊ? तेवढी नऊ त्यातली आणि बाकी बरी, म्हणजे कालच्या जेवणात किती — कशाला फोन काढताय? थांबा ना. थोडं थांबून बघू, आधी लिंबू-पाणी — बाई, तिच्या आईला कळेल, विद्यापीठाला कळेल, पोलीस... नको, नको, मला देऊ नका, तुम्हीच बोला — मी? हॅलो? हो. हो, मुलगी आहे, बावीस वर्षांची. वसतिगृह, आठवा ब्लॉक, तिसरा मजला, तीनशे बारा. पाचपासून ओकतेय. पानं. रानलसूण समजून. काल दोनला. हो, बाजारातल्या बाईंनी ओळखलीत, समोर आहेत, नऊ आहेत. दार? दार ती उघडेल, उठता आलं तर. नाही, दुसऱ्या कुणी नाही खाल्लं. हो, नक्की. मला माहितीये नक्की, कारण करणारी मीच होते.

म्हणताहेत, गाडी निघाली. पाच मिनिटं लागतील. पानं फेकू नका, दवाखान्यात आणा म्हणाले. मी विचारलं, वाचेल ना, तर म्हणाले, तुम्ही पानं आणा. एवढंच. वाचेल म्हणाले नाहीत, बाई.

हो, सांगते तिला. करते फोन. माझ्याच फोनवरून. वाजतोय... दोविले? उठू नकोस, ऐक. आत्ता गाडी येतेय, त्यांना दार उघड फक्त. उघडंच आहे? बरं, मग पडून राहा. — नाही, वाइन नाही ती. ऊन पण नाही. पानं. ते पान, तू उचललेलं. तू बरोबर होतीस. दोविले, तू बरोबर होतीस आणि मला शंका आली होती. — मी? मी ठीक आहे गं. — मी ठीक आहे कारण मी खाल्लंच नाही.

  दोविले, शिव्या दे मला... बाई, आता तिकडे माणसांचे आवाज येताहेत, बूट वाजताहेत. आले ते. कुणीतरी तिला नाव विचारतंय. सांगतेय ती. नीट सांगतेय. — ठेवला. कुणी ठेवला कळलं नाही, त्यांनी की तिने.

काय देताय? कागदात बांधलीत होय, वेगळी. हो, धरलीय घट्ट. कुठून जवळ पडेल, पुलावरून? मी दवाखान्यात गेले आणि तिने तोंड फिरवलं तर — जाते, जाते, बाई, ढकलू नका. पळते.