चिखलात पळणारा घोडा

(कासाब्लांकामधलं चहाचं दुकान. टीव्हीवर फ्रान्समधली शर्यत नुकतीच संपली आहे. घोड्यांवर पैसे लावून घर चालवणारे लार्बी आणि त्यांचा भाचा नौफल.)

नौफल : आता तरी हो म्हणा, मामा. उन्हाळ्यापासून एकाही महिन्यात तोटा नाही. बँकेची नोकरी सोडतो आणि तुमच्याबरोबर बसतो.

लार्बी : आजचा घोडा का धरलास?

नौफल : चिखलात तो कुणाला ऐकत नाही.

लार्बी : चिखल कुठे होता? तिथे सकाळपासून ऊन आहे.

नौफल : पण आला ना पहिला?

लार्बी : आला. आणि तू अख्ख्या दुकानाला चहा पाजलास. चुकीच्या हिशेबावर मी जिंकलो असतो तर मान खाली घालून घरी गेलो असतो.

नौफल : तुमचं काय, जिंकलात तरी चेहऱ्यावरची रेष हलत नाही. लोक हसतात.

लार्बी : हसू देत. माझा बाप कोळी. होडी भरून आली तरी जाळं धुवायचा, रिकामी आली तरी धुवायचा. ना शिवी, ना गाणं. तेच बघत वाढलो.

नौफल : मग मलाही शिकवा.

लार्बी : शिकशील, त्याचीच भीती आहे. माझी इक्राम लहानपणी आजारी होती, ठाऊक आहे?

नौफल : आई सांगते कधीकधी.

लार्बी : डॉक्टर म्हणाला, अशी दहातली एखादी वाचते. मी मान डोलावली, बाहेर आलो आणि कबरीच्या जागेची चौकशी केली.

नौफल : मामा...

लार्बी : तुझी मामी पोरीला उचलून दर्ग्यावर गेली. तिथून रबातच्या डॉक्टरकडे, मग आणखी एकाकडे. बांगड्या विकल्या. मी तिला म्हणालो, एवढ्याशा आशेवर कुणी सगळं घर लावतं का?

नौफल : पण इक्राम वाचली.

लार्बी : वाचली. तरी माझा अंदाज बरोबरच होता. हे मी आजही म्हणू शकतो, म्हणून या धंद्यात टिकलो. तू काय केलं असतंस?

नौफल : मामीने केलं तेच.

लार्बी : विचारही केला नाहीस.

नौफल : यात विचार कसला करायचा?

लार्बी : मग नोकरी सोडू नकोस.

नौफल : ...इक्रामला हे माहीत आहे?

लार्बी : तिच्या आईने सांगितलं नाही. म्हणून तर अजून मला भेटायला येते.