दहाचा अर्धा

तुम्हाले वाटते, वडशाची पोरगी जर्मनीत नर्स झाली म्हणजे भाषा सोपी असन. ऐका मग.

नोकरी पक्की व्हायच्या आधी माझी जर्मनची तोंडी परीक्षा होती. नापास झाली तर परत वडसा. वेळ सांगितली ‘हाल्ब त्सेन’. हाल्ब म्हणजे अर्धा, त्सेन म्हणजे दहा. मी समजली साडेदहा, अन् दहालेच ऐटीत पोचली.

परीक्षा घेणारी बाई म्हणे, “अर्धा तास उशीर! हाल्ब त्सेन म्हणजे साडेनऊ. आता परीक्षा नाही.”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “बाई, साडेनऊले दहा वाजलेच नसतात, तर त्याचा अर्धा कुठून आणता? आमच्या इथी आधी दहा वाजू देतात, मग अर्धा जोडतात!”

दहा मिनिटं भांडली, सगळं जर्मनमधी. बाई हसली, कागदावर सही केली अन् म्हणे, “झाली तुमची तोंडी परीक्षा. पास.”