कॉफीआधी अर्धा तास

सर्बियातल्या निश शहरात एका प्रसूती दवाखान्यात बिसेर्का नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी सुजलेल्या पायांची एक गरोदर पोर आणि तिची सासू.

"आज प्रेशर वाढलेलं निघालं तर दाखलच करतील, आई."

"आणि ते थायरॉइड?"

"कमीच आहे. बाळाच्या वारेलाही ते लागतं म्हणे. मी गोळ्या चुकवते, असा डॉक्टरीणबाईंना संशय आहे."

"चुकवतेस? रोज सहाला माझ्यासमोर गिळतेस की!"

"तुमच्या कॉफीबरोबर."

"मग? पाण्याबरोबर गिळायला आपण काय घोडे आहोत?"

"कॉफीनं गोळी अंगी लागत नाही. मध्ये अर्धा तास तरी हवा. काल गोळ्यांच्या खोक्यातल्या कागदावर वाचलं."

"मग काल बोलली का नाहीस?"

"तुमच्या कॉफीला थांबा म्हणू? मामंजींच्या अंत्यविधीला तुम्ही पाद्र्याला थांबवलंत, कॉफीला नाही."

"त्यांना कुठे घाई होती? आडवेच होते."

बिसेर्कानं रुमाल तोंडात कोंबला. तेवढ्यात दार उघडलं.

"रुझित्सा!"

सून पोट सावरत उठेपर्यंत सासू आत पोचलीसुद्धा.

"पोरीवर ओरडू नका, बाई. पाच महिने तिच्या गोळ्या मी वाया घालवल्या. ओरडायचं ते माझ्यावर ओरडा, पण आधी तिचं प्रेशर बघा."