कंसातलं वाक्य

शर्मिला: बाबा, प्लीज! दरवर्षी उन्हाळा वाढतोय, बोअरला पाणी नाही. अजून तीस वर्षांनी जगाचं काय होणारे कुणाला माहीत. आणि तुम्ही मला स्थळं दाखवताय!

बापूराव: जग कुठंही चाललेलं नाही, शर्मिले. माणसानं वेळेवर आपलं घर मांडावं.

शालन: अगबाई! दादा, हे कधी ठरलं?

बापूराव: काय कधी ठरलं?

शालन: जग कुठंही चाललेलं नाही, हे. एक्क्याण्णव साली तर अगदी निघालं होतं. ट्रंका भरून.

शर्मिला: म्हणजे काय, आत्या?

शालन: अगं, आखातात युद्ध पेटलं आणि तुझ्या बाबांना कळलं, प्रभू येतोय. आठवडाभर फॅक्टरीत दारूगोळा भरायचे आणि रविवारी खडकीच्या चर्चमध्ये जगाचा शेवट सांगायचे. दोन्हीकडे ओव्हरटाइम.

शर्मिला: सॉलिड! थांब, माझा कॉल आला. तुझ्या आतल्या खोलीत बसते. आणि तू तरी सांग ना यांना. तू एकटी राहिलीस, मस्त आहेस की!

शालन: हो, मस्त. जा, कॉल घे. दार लोट जाताना.

बापूराव: शालन...

शालन: चहा गार होतोय.

बापूराव: राहू दे चहा. पाळकसाहेब गावाला चाललेत. रविवारचा संदेश मला द्यायचाय.

शालन: मग दे की. तुला काय, नळ सोडला की पाणी.

बापूराव: बायबलातला वाचायचा पाठ नेमका तोच आलाय. प्रेषित पौलाचं लग्नाविषयीचं पत्र.

शालन: अच्छा! तरी म्हटलं, खडकीहून येरवड्यापर्यंत पेरू घेऊन आलास तो कशाला.

बापूराव: सकाळी आईचं जुनं बायबल काढलं. त्यात एका वाक्याला पेन्सिलचा कंस आहे. बाजूला लिहिलंय, ‘हे सोडून’. अक्षर माझं.

शालन: अक्षर चांगलं होतं तुझं.

बापूराव: ऐक गं जरा. एक्क्याण्णव साली आईचं अर्धं अंग गेलेलं, ती पलंगावर. दुसऱ्या दिवशी आमोदच्या घरचे तुला मागणी घालायला येणार होते. आणि मी तुला समोर बसवून ते पत्र वाचून दाखवलं. आठवतं?

शालन: न आठवायला काय झालं? काळ थोडा उरलाय, ज्यानं त्यानं आहे तसंच राहावं. तुझं लग्न झालेलं, तू तसा. माझं व्हायचं होतं, मी अशी. वाटणी अगदी सरळ होती.

बापूराव: त्याच्या आधीचं वाक्य मी गाळलं. पौल तिथं स्वच्छ सांगतो, ही काही प्रभूची आज्ञा नव्हे, हे माझं आपलं मत. ते मी तुला वाचलंच नाही. मत होतं, ते आज्ञा म्हणून तुझ्या गळ्यात घातलं.

शालन: नजर चुकली असेल.

बापूराव: टोचू नकोस. कंस करून कुणाची नजर चुकते?

शालन: पण प्रभू येणार, हे तुला खरंच वाटत होतं ना?

बापूराव: वाटत होतं. तेच तर! निव्वळ ढोंगी असतो तरी परवडलं असतं. आणि त्याच वर्षी मी विश्रांतवाडीत प्लॉट घेतला. जगाचा शेवट जवळ आलेला माणूस प्लॉट घेतो का गं?

शालन: घेतो. कोपऱ्यावरचा, रस्त्याला लागून.

बापूराव: तुझ्या वहिनीवर ढकलत नाही, तिनं चकार शब्द काढला नव्हता. मीच भ्यालो. तू गेलीस तर आईचं अंग कोण पुसणार, हे मनात, आणि तोंडात पौल. तोच दुसरीकडं लिहितो ना, चांगलं करायचं मनात असतं आणि हातून भलतंच घडतं. पाप येतं तेही आज्ञेच्याच आडून. इतकी वर्षं मंडळींना समजावलं मी हे. लोक माना डोलवायचे.

शालन: आमोद दोन वर्षं थांबला होता.

बापूराव: परवा बाजारात भेटला. बरोबर नात होती. म्हणाला, शालन बरी आहे ना? मला मान वर करवेना.

शालन: काय सांगितलंस?

बापूराव: बरी आहे म्हटलं.

शालन: बरं केलंस.

बापूराव: शालन, मी तुझं आयुष्य खाल्लं गं. माफी मागायची सुद्धा लाज वाटते. तेव्हा तुला ते वाक्य माहीत असतं तर...

शालन: दादा, मी तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं.

बापूराव: त्याचं काय?

शालन: मला वाचता येतं. तू पाळीला गेलास, आईला पेज भरवली आणि त्याच दुपारी मी पुस्तक उघडलं. कंस बघितला.

बापूराव: मग बोलली का नाहीस?

शालन: आई टक लावून माझ्याकडं बघत होती. काय बोलणार? म्हटलं, भाऊ आहे, आठ दिवसांत आपणहून सांगेल. मग म्हटलं, नाताळात सांगेल. आई गेली तेव्हा वाटलं, आता तरी. दर रविवारी पुढच्या बाकावर का बसते मी? तू प्रभूची वाट बघत होतास. मी त्या वाक्याची. फार राग यायचा रे मला तुझा. अजून येतो.

(बापूराव चष्मा काढून हातात धरतात. शर्मिला आतून येते.)

शर्मिला: झाला बाई कॉल! काय झालं? चष्मा का काढलात, बाबा?

शालन: काही नाही. बाबा रविवारची तयारी करताहेत.

बापूराव: शालन, माफ केलंस का मला?

शालन: आईचं बायबल आणलंयस?

बापूराव: हो. पिशवीत आहे.

शालन: मग काढ. शर्मिला, तूही बस. लग्न कर, नको करूस, तुझं तू ठरव. पण हे ऐक. दादा, वाच. कंसापासून. आणि मोठ्यानं.

बापूराव: मला... अक्षरं लागत नाहीयेत गं.

शालन: चष्मा पूस, सावकाश घाल. थांबायची मला सवय आहे.